लिहिताना मी वाचत नाही

हे वाक्य मी जव्हारला घरी येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो. कुठल्याशा शिबिरात एका बड्या लेखकाने सांगितलं होतं, लिहिताना दुसऱ्याचं वाचू नये, छाया पडते. मीही नंदीबैलासारखी मान डोलावली. त्या सल्ल्याचा आजही संताप येतो, आणि तो ऐकणाऱ्या माझा त्याहून जास्त.

सूर्यमाळच्या उन्हाळ्यावर, तिथल्या पाण्याच्या हालांवर मी कादंबरी लिहीत होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पोशेऱ्याहून एक बाई घरी आली. अंगणवाडीत मदतनीस, माहेर सूर्यमाळचं. तिने एक शंभरपानी वही पुढे केली. "लिव्हलाय मी कायतरी. दुसरी वही चालू हाय. वाचून सांगाल?" मी माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं आणि वही कपाटात टाकली. आठ महिने एक पानही उलटलं नाही.

कादंबरी हातावेगळी झाली आणि मी वही उघडली. तिसऱ्या पानावरच घाम फुटला. माझ्या दोनशे पानांत विहिरीवरच्या बाया नुसते उसासे टाकत होत्या. तिच्या बाया हंडे रांगेत ठेवून करवंदं काढायला जातात, कारण नंबर हंड्याचा लागतो. परत आल्यावर कुणी आपला हंडा पुढे सरकवलेला दिसला, की तिला अशा शिव्या घालतात की मी एकटाच बसून हसलो. मग चरफडलो. छायेपासून इतकं जपलेलं माझं अस्सल लिखाण म्हणजे शाळेतला निबंध होता, आणि तोही चुकलेला. तो चुकतोय हे सांगणारी वही हाताच्या अंतरावर पडून होती.

तिची गोष्ट मधेच थांबते. तळाचं पाणी वाटीने भरायला गोष्टीतल्या सुनेची नणंद विहिरीत उतरते, वरून दोर सुटतो आणि वही संपते.

मी तडक पोशेऱ्याला गेलो. ती खळ्यावर नागली झोडत होती.

"ताई, दुसरी वही द्या," मी म्हणालो.

"पोरीला दिली शाळंला. लिव्हलेली पानां फाडली." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. "तुमी आठ महिनं काय बोलला नाय. मना वाटला, वाचायजोगा नसंल."

"आणि ती नणंद? वर आली का?"

"आता कशाला इचारता," ती म्हणाली आणि सुपात नागली घेऊन पाखडू लागली.