महिपतरावांचा दिल्लीतला मुजरा

ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये आमच्या शेजारची मुलगी विमान चालवायला शिकतेय. तिच्या आईला भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो विचारतो, "वो सब ठीक आहे, पण ओळख कोणाची आहे?" मला या प्रश्नाचा भयंकर राग येतो. मग मी त्या बाईंना घरी बोलावतो, चहा देतो आणि माझ्या जगदेवमामाची हकीकत सांगतो.

जगदेवमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. घराणं शिपाईगड्यांचं, दख्खनमधून फौजेबरोबर इकडे आलेलं. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हा त्याला वाढवलं त्याच्या काकांनी, महिपतरावांनी. हे महिपतराव दरबारात मानकऱ्यांना हुद्द्याप्रमाणे उभं करायचे. कुणाच्या अंगावर किती जर, कोण कुणाच्या पुढे, कुणी कुणाला मुजरा करायचा आणि कुणाच्या हातावर नजर, म्हणजे मानाची भेट, ठेवायची, हे सगळं त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं, दरबार उठला. उभं करायला माणसंच राहिली नाहीत. महिपतराव शिंदेशाही पगडी चढवून रोज फूलबागेत फेऱ्या मारू लागले आणि बाकांवर कोण कुठे बसलंय ते बघून नाक मुरडू लागले.

संस्थानी फौजही मोडली. मामा तिथे नुकता लागला होता. तो बाहेर पडला आणि दिल्लीला जाऊन विमान शिकला. त्याच्याबरोबर त्याचा बालमित्र रमाकांतही होता. रमाकांतच्या घरी पूर्वापार पौरोहित्य चाले, पण हा पठ्ठ्या पोथी सोडून इंजिनात डोकं घालून बसे. पुढे दोघं एका लहानशा कंपनीत डाकोटा विमानातून माल वाहायचे. रमाकांतचा हात जास्त सफाईदार, असं सगळे म्हणत. मामाही म्हणे.

मग सरकारनं खासगी विमान कंपन्या ताब्यात घेऊन एकत्र केल्या. यांची कंपनी त्याआधीच बुडाली होती, त्यामुळे दोघांनी नव्या ठिकाणी वैमानिकाच्या जागेसाठी अर्ज केले. जागा थोड्या, उमेदवार भाराभर. चाचणी दिल्लीत झाली. आधी परीक्षकाला शेजारी बसवून विमान उडवायचं, मग मुलाखत. नव्या कारभाराची कचेरी अजून धड लागली नव्हती, म्हणून मुलाखती एका मोठ्या हॉटेलात होत्या.

निवडीची तार मामाच्या नावानं आली. रमाकांतला नकार आला. तरी पेढे घेऊन पहिला आला तो रमाकांतच. "देख जगदेव, आता ग्वाल्हेरचं नाव खराब नको करू," असं म्हणून त्यानं मामाला मिठी मारली. घरात माणसं जमली होती. महिपतरावांनी घसा साफ केला.

"आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "एका सरदारांच्या घरच्या लग्नाला जातो म्हणून आम्ही गेलो होतो ना, ते दिल्लीलाच. मुलाखतीच्या जागी आम्ही थेट मोठ्या साहेबांना गाठलं. रीतीप्रमाणे तीन मुजरे केले, चंदेरी शेला नजर केला आणि म्हणालो, आमच्या जगदेववर लक्ष असू द्या. ते म्हणाले, जी हुजूर, जरूर! आमचा शब्द आजही वाया जात नाही."

रमाकांतनं हातातला अर्धा पेढा ताटलीत ठेवला. "चलता हूँ," एवढंच म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मामाला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी टोपी बाजारात दुकानदारानं हसून "क्या बात है, काकांनी काम करवलं!" म्हटलं, तेव्हा तो खरेदी न करताच परतला. दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी आईजवळ, म्हणजे माझ्या अनसूया आजीजवळ, म्हणाला, "मी जाणार नाही. विमानात माझ्या मागे लोकांची बायकापोरं बसणार, आई. मी वशिल्यानं तिथे बसलो असेन तर त्यांचा जीव कोणाच्या भरवशावर? आणि जागा रमाकांतची असेल तर मी त्याला तोंड कसं दाखवू?"

आजी म्हणाली, "मग जाऊन विचार त्या साहेबाला."

महिपतरावांना खरं कारण सांगायची सोय नव्हती. ज्यानं वाढवलं त्याला तुमचं चुकलं म्हणायचं, हे मामाच्यानं झालं नसतं. तो एवढंच म्हणाला, "काका, मला त्या साहेबांकडे न्या." महिपतराव खूश झाले. "न्यायलाच हवं. आभार मानल्याशिवाय रुजू होणं बरं नव्हे."

पगडी डब्यात आणि डबा मांडीवर, अशी त्यांची स्वारी दिल्लीला पोचली. मामानं मनाशी ठरवलं होतं की साहेबानं शिफारस मानली असेल, तर तिथल्या तिथे नोकरी नाकारायची.

फाटकाशी महिपतराव थांबले, पगडी चढवली आणि हात करून दाखवलं. "ते बघ. उभे आहेत."

मामानं पाहिलं. हॉटेलच्या दाराशी एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. पांढरा पोशाख, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर जरीचे गोंडे, पिळदार मिशा. येणारी प्रत्येक मोटार त्यांच्यापुढे थांबत होती. आतून बाहेर पडणारा प्रत्येक सुटाबुटातला माणूस त्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवून जात होता.

"सगळे साहेब त्यांना नजर करतात," महिपतराव हलक्या आवाजात म्हणाले. "तेव्हाच आम्ही ओळखलं."

ते हॉटेलचे दरवान होते. त्यांच्या गळ्यात आमचा चंदेरी शेला होता.

महिपतराव पुढे होऊन मुजऱ्यासाठी वाकले. दरवानांनीही तितक्याच अदबीनं हात जोडले. "आइए हुजूर! बच्चे का काम हो गया?"

मामानं त्यांना जरा बाजूला घेतलं. "आपने अंदर किसी से मेरे लिए कुछ कहा था?"

दरवान ओशाळले. "साहब, मैं किससे कहूँगा? अंदरवाले तो मुझसे बस टैक्सी मँगवाते हैं। बुजुर्ग आदमी थे, इतने प्यार से बोले, मैं ना कैसे करता? शाल वापस ले लीजिए।"

मामा पुढे सांगायचा की त्या क्षणी त्याच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की त्याला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं. त्यानं शेला परत घेतला नाही. उलट दोन पावलं मागे सरकून त्या दरवानांना जमिनीपर्यंत हात नेऊन तीन खणखणीत मुजरे केले. रस्त्यावरची माणसं बघत राहिली. महिपतरावांचे डोळे भरून आले. "शाबास," ते म्हणाले. "माणूस ओळखायला शिकलास."

त्यांना खरं काय ते मामानं कधीच सांगितलं नाही.

ग्वाल्हेरला उतरल्यावर मामा घरी न जाता सरळ रमाकांतकडे गेला. रमाकांतनं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. मामानं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. शेल्यापर्यंत आला तेव्हा रमाकांतचे ओठ हलू लागले, टॅक्सीपर्यंत आला तेव्हा तो भिंतीला धरून हसत होता. हसता हसता खाली बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "यार, मी उतरताना गडबड केली होती. आडवा वारा होता, विमान धावपट्टीवर धाडकन आपटलं. परीक्षक कुछ नहीं बोला, पण मला कळलं होतं. मग काका तसं बोलले, तेव्हा वाटलं, गलती मेरी थी ही नहीं. वाटून बरं नाही वाटलं, जगदेव. आता बरं वाटतंय. मी तुझ्याकडून हरलो, काकांच्या पगडीकडून नाही."

मग त्यानं मामाला आत घेतलं आणि त्याच्या आईनं दोघांना एका ताटात जेवायला वाढलं.

मामा रुजू झाला. पुढल्या वर्षी पुन्हा जागा निघाल्या. रमाकांत वर्षभर आडव्या वाऱ्यात उतरायचा सराव करत होता. चाचणीला निघताना तो आमच्याकडे आला आणि महिपतरावांच्या पाया पडून म्हणाला, "काका, या वेळी माझ्यासाठी दिल्लीला याल का? त्याच साहेबांकडे."

महिपतराव लगेच उठले. "आम्हाला वाटलंच होतं, तू येशील. शेला कुठला न्यायचा?"

"चांगला जाड घ्या," रमाकांत म्हणाला. "दारात फार थंडी असते."