नकली सासूबाई

आमचा मेव्हणा देवावरसुद्धा विश्वास ठेवील, फक्त देवाने आधी एकदा नापास होऊन दाखवलं पाहिजे! वेबसाइटच्या पानावरची बटणं, खिडक्या, तारखा निवडायचे चौकोन असे सुटे भाग तो बनवतो, आणि भाग बनवायच्या आधीच त्याची परीक्षा लिहून ठेवतो. त्याच्या भाषेत युनिट टेस्ट. भागच तयार नाही म्हटल्यावर टेस्ट नापास होते, पडद्यावर लाल अक्षरं येतात, आणि हा खुशीत येऊन चहा मागतो. मग भाग बनवायचा आणि लालाचं हिरवं करायचं. "भावजी, जी टेस्ट कदी लाल झालीच नाय, तिच्या हिरव्याला काय अर्थ?" कर्जतच्या बाजारातून नवी छत्री आणली, तर पठ्ठ्या आधी ती मिटलेलीच हातात धरून नळाखाली बसला. चिंब भिजला, समाधानाने मान हलवली आणि मगच छत्री उघडली. माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. "याला पोरगी कोन देनार?"

पुण्याच्या ऑफिसात त्याची रवानगी ठरली, तेव्हा प्रश्न आला सासूबाईंचा. आम्ही नवराबायको परगावी, त्या गावात एकट्या राहणार, डोळे अधू, आणि फोन लावला की तो भलत्याच माणसाला लागायचा. मेव्हण्याने त्यांच्यासाठी टॅबवर एकच बटण केलं, भाकरीएवढं. दाबलं की पुण्यात याचा फोन वाजणार. टेस्टमध्ये म्हणे खऱ्याला त्रास द्यायचा नसतो, त्याच्या जागी नकली उभा करतात. तो नकली म्हणजे मी! डोक्यावर पदर (हा हट्ट बायकोचा), चष्मा काढलेला, बोटं पिठात माखलेली, अशा अवतारात मी बटण दाबत बसलो. ओल्या हाताने, कोपराने, झोपून, कण्हत कण्हत. "आई एवढ्या जोरात नाय दाबत, भावजी. परत!" सासूबाईंची शेजारीण दारातून हे ध्यान बघून तोंडात पदर कोंबून पळाली. अखेर सगळं हिरवं झालं आणि स्वारी निर्धास्त मनाने पुण्याला गेली.

थोड्याच दिवसांत सासूबाई तापाने फणफणल्या. त्याच शेजारणीने मला कळवलं, मी त्याला. मी गावी पोचतोय तोच तोही धावतपळत आला, आणि आईच्या कपाळावर हात ठेवायच्या आधी गाढवाने बटण दाबून पाहिलं! त्याच्याच खिशातला फोन खणखणला.

"चालतंय की! मंग का नाय दाबलंस गं?"

"आरं, तू कामात आसशील. तापच तर हाय. उगा कशाला हाक मारायची?"

तो आईच्या पायाशी बसला. मी बटण बेधडक दाबलं होतं. मला कुठे त्याच्या कामाची काळजी होती? त्याला चिडवायचं सोडून मी सासूबाईंच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. बराच वेळ तो आईचे पाय चेपत राहिला.

हल्ली संध्याकाळी तोच फोन करतो. सासूबाई आधी विचारतात, "कामात हायेस का रं?"

"नाय गं," तो म्हणतो.

परवा मी पुण्याला त्याच्या शेजारीच बसलो होतो. समोर कामाचा ढीग पडला होता, साहेब दोनदा हाक मारून गेले होते, आणि हा आईला विचारत होता, आज भाजी कसली केलीस.