आपाचा तलाक

माझी थोरली बहीण, आमची आपा, कंधारला दिली होती. एका दुपारी ती बॅग घेऊन अहमदपूरला माहेरी आली आणि ओट्यावरच बसली. "तलाक दिला त्यांनी. तीनदा बोलले." भांडण तिच्या शाळेतल्या नोकरीवरून झालं होतं.

अब्बा आम्हा दोघींना घेऊन मुफ्तीसाहेबांकडे गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "तलाक झाला. पण माझा शब्द कोर्टात चालत नाही, बेटी."

आठवड्याभरात आपाचे नवरे, आमचे दूल्हाभाई, आले. चेहरा उतरलेला.

"रागात बोलून गेलो. वकिलाला विचारलं, कायद्यानं असा तलाक होतच नाही. चल घरी."

"कायद्यानं नसेल झाला," आपा म्हणाली. "माझ्या मनानं झाला. आता तुमच्यासोबत राहिले तर नमाजला कोणत्या तोंडानं उभी राहू?"

ते परत गेले.

कायद्यानं सुटका कशी मिळेल हे विचारायला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या जमादारानं आमचं नीट ऐकून घेतलं. "ताई, असं बोलणं गुन्हा हाय. तक्रार द्या, आत टाकतो त्याला. पण कायद्यानं तुमी अजून त्याची बायकोच."

"त्यांना आत टाकून मला काय करायचंय? मला सुटका पाहिजे."

"ती आमच्या हातात न्हाई," तो म्हणाला आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

शेवटी एका वकीलबाईंनी वाट दाखवली. दोघांच्या राजीखुशीनं वेगळं होणं शरियतला चालतं आणि कोर्टही ते मानतं. पण दूल्हाभाई राजी होईनात. ते लातूरच्या एका मौलानांना भेटून आले. एका दमात म्हटलेले तीन तलाक एकच धरायचे, अजून परत घेता येतं, असं त्या मौलानांचं मत. ही बातमी सांगताना ते किती दिवसांनी हसले होते.

आपानं त्यांना पाणी दिलं. "तुम्ही वकिलाला विचारलं, मौलानांना विचारलं. मला एकदा तरी विचारलं का, यायचंय का म्हणून?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "यायचंय?"

"नाही."

पुढच्या महिन्यात त्यांनी सही केली. कोर्टाचा निकाल यायला मात्र वर्ष गेलं. त्या दिवशी आम्ही घरी आल्यावर अम्मीनं काळजीनं विचारलं, "आता घरात बसायची तीन महिन्यांची इद्दत कधीपासून धरायची गं? आजपासून?"

"ती मी ते तीनदा बोलले तेव्हाच पाळली, अम्मी," आपा म्हणाली आणि उद्याच्या शाळेची साडी इस्त्रीला घेतली.