कल्ला उचलून पाहणारी दुर्गाबाई

सिहोऱ्याच्या बाजारात मासोळ्या विकणारी दुर्गाबाई स्वतः माल घेताना मात्र कल्ला उचलून आतून लाल आहे का ते पाहिल्याशिवाय एकही मासोळी टोपलीत टाकत नसे. कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्या जागी बसवायची सिलिकॉनची पिशवी तिच्या हातावर ठेवली. दुर्गाबाईने ती दाबली, उलटवली, हुंगलीसुद्धा.

"फुटते का हे?"

"क्वचित फुटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी भोवतीची जागा कडक होते. काही वर्षांनी बदलावीही लागू शकते."

दुर्गाबाईच्या कपाळाला आठी पडली. उभ्या जन्मात तिने गिऱ्हाइकाला आपली मासोळी शिळी आहे असं सांगितलं नव्हतं. ही बाई आपल्याच मालाला नावं ठेवते, म्हणजे याहून मोठी खोट लपवत असणार.

"एवढं खराब हाय, तं मंग बाया कायले बसवतेत?"

"सगळ्या नाही बसवत. ज्या बसवतात त्यांतल्या काही सांगतात, आता घरातला आरसा झाकावा लागत नाही."

दुर्गाबाईने शेजारी बसलेल्या सुनेकडे, नंदिनीकडे, रोखून पाहिलं. आपण आरशावर लुगडं टाकून ठेवलंय, हे घराबाहेर गेलंच कसं?