जिला पाप शिवलं नाही

"अर्थ तरी ठाऊक आहे का गं त्याचा तुला?"

बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. पेणला, रामवाडीतल्या त्यांच्या घरी नातीचं बारसं होतं. मी तिथे धुण्याभांड्याला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. अनघा. घुगऱ्यांचं पातेलं धरून मी उभी होते. तोंडून निघून गेलं, "बाई, माझ्या पोरीचं पण त्येच नाव हाय."

माझी चार महिन्यांची पोर तेव्हा मागच्या पडवीत गोणपाटावर निजलेली होती.

अर्थ मला ठाऊक होता. तिच्याआधी माझी दोन मुलं गेली होती. सासू म्हणायची, तुझंच पाप. मग कासू गावच्या देवळात पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्या बुवांना मी नाव विचारलं. ते म्हणाले, "अनघा ठेव गो. दत्ताच्या शक्तीचं नाव. पाप शिवत नाय तिला." घरी येईपर्यंत मी रडत होते. माझ्यावरचा आळ त्या नावाने उतरवला होता.

म्हणून बाईंना सांगितलं, "जिला पाप शिवलं नाय ती."

"शिवलं नाय म्हणे!" एक पाहुणी हसली. मग सगळ्याच. बाई हसल्या नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "एका घरात दोन अनघा कशा चालतील? तिला सुमी म्हण. तुमच्यात शोभेल असं."

मी म्हणाले, "व्हय बाई."

एवढंच असतं तर आज हे लिहिलं नसतं.

पोर पाच वर्षांची झाली. मी तिला कामावर न्यायची. एकदा आतून हाक आली, "अनघाऽ!" ही "ओ" देत धावली. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पोरीच्या थोबाडीत मारली. "तू सुमी. काय? सुमी." ओठाला दात लागून रक्त आलं. ती रडली नाही. पण त्यानंतर घरीसुद्धा अनघा म्हटलं की मान वर करायची नाही. शाळेचा फॉर्म बाईंच्या यजमानांनी भरला. सुमन. खाली सही माझी.

बाईंनी नाव मागितलं. काढून घेतलं ते मी.

आता ती रोह्याजवळ वरसेला नांदते. जावई कंपनीत शिफ्टला. गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. बाळ मांडीवर घेऊन मला म्हणाली, "आई, मुक्ता ठेवू? बाईंच्यात कुनाचं नाय ना? इचारून घे."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच विचारत होती.

तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कागद सगळे सुमनचे हायत." मग थोड्या वेळाने, "अर्थ काय म्हनालीस?"

दुसऱ्या दिवशी रामवाडीला गेले. "बाई, इचारायला नाय आले. सांगायला आले. नातीचं नाव मुक्ता. आनि माझ्या लेकीचं अनघा होतं."

"अगं, किती जुनं! मला तर आठवतही नाही."

"मला आठवतं," मी म्हणाले. काम सोडलं.

लेकीची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देईल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. मुक्ता कळती झाली की हे तिला मीच सांगणार. बाईंचं नंतर. आधी माझी थप्पड.