वेबरबाईंनी चादर उलटी केली

मुलीला शिकायला जर्मनीत ठेवून उद्या परतायचं, म्हणून मला काही सुचत नव्हतं. घरमालकीण वेबरबाई. वेबर म्हणजे विणकर, मुलीने सांगितलं. या आडनावाचे संगीतकार, शास्त्रज्ञ होऊन गेले म्हणे. असतील.

मी बाईंना सोलापुरी चादर दिली. त्यांनी घडी मोडली, चादर उलटी केली आणि मागची वीण बोटांनी चाचपली. मागावर बसणारे माझे वडील कापड असंच आधी उलटं करून बघायचे.

"तुमच्याकडे कोण विणायचं?" मी मुलीकरवी विचारलं.

"आजोबा. त्यांच्यानंतर कुणी नाही."

नावाजलेल्यांच्या यादीत ते आजोबा नसणार. नाव पुस्तकांत गेलं, हात मात्र घरातच राहिला.

मुलीला कुणाकडे ठेवून चाललेय, ते मला आता कळलं होतं.