आपले आमदार कुठेही गेलेले नाहीत

लालबागला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पक्षाची शाखा आहे आणि तिच्या दर्शनी भिंतीवर काळा फळा आहे. त्या फळ्यावर बाबांनी तीसेक वर्षं रोज सकाळी लिहिलं. नोकरी महापालिकेत कारकुनाची. ऑफिसला निघण्याआधीचा अर्धा तास फळ्याचा. निवृत्त झाल्यावर त्या अर्ध्या तासाचा एक तास झाला, एवढाच फरक. पाणी कधी येणार नाही, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता, रक्तदान कुठे, दहावीला गल्लीतलं कोण चमकलं, आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, पक्षप्रमुखांचं म्हणणं. पक्षप्रमुखांना आमच्याकडे सगळे नुसतं साहेब म्हणत. खडू बाबा वाटीतल्या पाण्यात बुडवून लिहीत. ओलं असताना अक्षर जेमतेम दिसे, सुकलं की पांढरंशुभ्र उठून येई.

त्यांचा एक नियम होता. एकदा लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत पुसायचं नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचा तो नियम. सकाळच्या पाळीला जाणाऱ्याने जे वाचलं तेच दुपारच्या पाळीवाल्याला वाचायला मिळालं पाहिजे, असं ते म्हणत. म्हणूनच लिहिण्याआधी खात्री करून घेत. कोणी वारल्याचं कानावर आलं तरी स्वतः त्या घरचे जिने चढून जात, मगच खडू हातात घेत. टीव्हीवर काही आलं की लोक एकमेकांना विचारत, "फळ्यावर आलंय का?" बाबांना या प्रश्नाचा जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता. मी दादरच्या एका ग्रंथालयात काम करते, आयुष्यभर छापील अक्षरांत वावरले. पण इतक्या विश्वासाने वाचलं गेलेलं पान मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमचे आमदार शेजारच्याच चाळीतले. पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा चार माणसांसमोर बोलताना त्यांचा घसा सुकायचा. महिनाभर रोज संध्याकाळी ते आमच्या गॅलरीत येऊन बाबांना भाषण म्हणून दाखवत. बाबा स्टुलावर बसून ऐकत.

"अरे, किती वेळा मी मी करतोस? लोकांना तुझं नाही, नळाचं ऐकायचंय."

"काका, पण माझी ओळख तरी करून द्यायला नको?"

"तू कोण ते इथे कुत्र्यालाही ठाऊक आहे. नळावर ये."

ते निवडून आले, मग पुन्हा आले. बाबांना ते काकाच म्हणत राहिले आणि आईच्या हातची बांगड्याची आमटी खायला येत राहिले.

तीनेक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बातमी फुटली की पक्षाचे काही आमदार गायब आहेत. साहेब तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी घरी बैठक बोलावली होती आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. टीव्हीवर त्या खुर्च्याच पुन्हा पुन्हा दाखवत होते. गेलेल्यांचा आकडा तासातासाला वाढत होता. जेवायला बसणार इतक्यात बाबांचा फोन वाजला. आमदारच होते. त्यांनी काय सांगितलं ते बाबांनी फोन ठेवल्यावर आम्हाला शब्दशः ऐकवलं. "काका, मी कुठेही जाणार नाही. लोकांना सांगा." बाबा त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवले.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा वाटी आणि खडू घेऊन खाली गेलेले होते. सात वाजले असतील. फोन हातात घेतला तर एक फोटो सगळीकडे फिरत होता. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा हॉटेलची हिरवळ आणि तिच्यावर ओळीने उभे राहिलेले आमदार. दुसऱ्या रांगेत मान एका बाजूला कलती ठेवून कोण उभं होतं हे मला मोठं करून पाहावं लागलं नाही. ती मान महिनाभर आमच्या गॅलरीत उभी होती.

मी गॅलरीत आले. खाली बाबा स्टुलावर चढून लिहीत होते. अक्षर अजून ओलं होतं, वरून वाचता येत नव्हतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी स्वतःला सांगितलं की फोटो जुना असेल, हल्ली काहीही पाठवतात. मग आत जाऊन चहा ठेवला. खरं इतकंच की त्यांना ते सांगणारं माणूस मला व्हायचं नव्हतं.

ग्रंथालयात जायला निघाले तोवर अक्षर सुकलं होतं. सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'आपले आमदार साहेबांसोबत आहेत. ते कुठेही गेलेले नाहीत.'

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परतले तेव्हा फळ्यासमोर घोळका होता. लोक हसत होते, फोटो काढत होते. बाबा फळ्याखाली स्टुलावर बसले होते.

"काय काका, तुमचा आमदार स्विमिंग पूलपाशी दिसला की!"

"अरे गेलेला नाही रे तो. फळ्यावर लिवलंय ना," दुसऱ्याने टोला हाणला.

शाखाप्रमुख घामाघूम होऊन आले. बाबांपेक्षा वयाने निम्मे. "काका, पुसा तो आधी. सगळ्या ग्रुपवर फिरतोय. साहेबांची लाज निघते."

"उद्या सकाळी पुसतो."

"उद्या कशाला?"

"लिहिलेलं दिवसभर राहतं."

मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, वर चला. जेवून तरी घ्या." त्यांनी नकाराने मान हलवली. हातात फोन होता, तो मांडीवर ठेवून ते बसून राहिले. संध्याकाळी दिवे लागल्यावर वर आले आणि हातपाय धुऊन न जेवता आडवे झाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी फळा स्वच्छ पुसला आणि एवढंच लिहिलं, 'कालची बातमी खोटी होती. खात्री न करता ती मी लिहिली. वाचकांची क्षमा मागतो.' तोवर कार्यकर्ते जमले होते, डोळे लाल झालेले. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं.

"काका, हे काय माफी मागताय? गद्दार लिवा! मोठ्या अक्षरात!"

"ती शिवी झाली. बातमी नव्हे."

"म्हणजे अजून पुळका आहे तुम्हाला त्याचा!"

बाबा खडू तिथल्या कठड्यावर ठेवून वर आले. दोन दिवसांनी फळ्यावर साहेबांचा मोठा फ्लेक्स लागला, 'आम्ही तुमच्यासोबत' असा. फळा त्याच्यामागे गेला. साहेबांची सत्ता त्याच आठवड्यात गेली. बाबांनी त्यांचं निरोपाचं भाषण उभ्याने ऐकलं आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर ते शाखेत गेले नाहीत. गल्लीतलं कोणी वारलं की कपाटातून चप्पल काढत, पुन्हा आत ठेवत.

पुढे दोनेक वर्षांनी बाबा गेले. छातीचं दुखणं होतं, केईएमला आठ दिवस होते. ते गेल्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी आमदार घरी भेटायला आले. अंगरक्षक जिन्यात थांबला. ते पूर्वीसारखे आत येऊन जमिनीवर बसले.

"काकी, यायला उशीर केला मी."

"बस," आई म्हणाली.

ते फरशीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी फळ्याचा फोटो मला कोणीतरी पाठवला होता. तिकडे हॉटेलात. नाश्त्याला बसलो होतो सगळे."

"मगे?" आईने तिच्या मालवणीत विचारलं.

"बघितला. काकांना फोन लावणार होतो. पण आजूबाजूला सगळे होते, काकी. मग राहून गेलं."

आईने त्यांना चहा विचारला. नको म्हणाले, पुढे हिंदमाताला कार्यक्रम होता. उठताना त्यांनी आईच्या पायांना हात लावला आणि आईने तो लावू दिला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "तेंका सकाळीच म्हायत होतां."

मला कळलं नाही. "कोणाला?"

"तुझ्या बापाशीक. सहा वाजता टीव्हीचो आवाज बंद करून बघितल्यानी. ह्याचा नावसुद्धा वाचल्यानी. मी म्हटलंय, मग आता काय लिवतलात? तर म्हणाले, तो हयच आसा म्हणानच लिवतंय. कोणीतरी फोटो धाडतलो. फळ्यार आपला नाव बघून तेका लाज वाटात, नि येतलो परत. दिवसभर थंय बसले ते फोनासाठी."

तीस वर्षं खात्री केल्याशिवाय एक ओळ न लिहिणाऱ्या माणसाने त्या सकाळी ठाऊक असून खोटं लिहिलं होतं, एका माणसाला परत बोलावण्यासाठी. आणि दुसऱ्या दिवशी माफीही खरी मागितली नव्हती. खात्री न करता लिहिलं म्हणून दोष स्वतःवर घेतला, पण का लिहिलं ते आईपलीकडे कोणाला कळू दिलं नाही. मलाही नाहीच.

मग मी आईला सांगितलं की तो फोटो मी सात वाजताच पाहिला होता, बाबा खाली लिहीत असताना. खाली गेले असते तर निदान त्यांच्याशेजारी उभी राहिले असते. मला रडू आवरेना.

आई रागावली नाही.

"घरात माणसां तीन," ती म्हणाली, "नि तिघांकय म्हायत होतां."